स्टोरेज अ‍ॅरेचं व्हर्जन: वाचायचं कसं, ठरवायचं कसं, चढवायचं कसं

स्टोरेज अ‍ॅरेवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र ठेवून सर्व्हरना जागा पुरवणाऱ्या पेटीवर, केशरी दिवा लागला की आपण सपोर्टला फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "भाऊ, कोड लेव्हल काय आहे?" इकडून उत्तर जातं, "सर, व्ही-सात हजार आहे." ते मॉडेल झालं, व्हर्जन नाही. मग युजर-पासवर्ड शोधा, पेज उघडा, नेमका कुठला आकडा सांगायचा ते विचारा. बिघाड खरा असेल तर हा वेळ फार महागात पडतो.

विदर्भात तालुक्याच्या ठिकाणीही आता अशी मोठी स्टोरेज दिसतात. सहकारी बँकेत, इंजिनिअरिंग कॉलेजात, सीटी स्कॅनच्या फिल्म साठवणाऱ्या हॉस्पिटलात, खाणीच्या ऑफिसात. इंजिनिअर मात्र बहुतेक वेळा नागपूरला बसतो. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. त्याच्या पुढे आलापल्ली, सिरोंचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. म्हणून सर्व्हर रूममध्ये जो माणूस प्रत्यक्ष उभा असतो, त्याला व्हर्जन वाचता आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्याच माणसासाठी.

पायरी १: पेटीत काय काय चालतं ते ओळखा

अ‍ॅरेमध्ये सहसा दोन कंट्रोलर असतात. कुणी त्यांना नोड म्हणतं, कुणी एसपी-ए आणि एसपी-बी. प्रत्येक कंट्रोलर म्हणजे एक पूर्ण संगणक, आणि त्यावर कंपनीची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम चालते. नेटअ‍ॅपवर ओन्टॅप, आयबीएमच्या स्टोअरवाइज आणि फ्लॅशसिस्टमवर स्पेक्ट्रम व्हर्च्युअलाइझ (२०२३ पासून नाव स्टोरेज व्हर्च्युअलाइझ), प्युअरवर प्युरिटी, एचपीईच्या थ्री-पारवर थ्री-पार ओएस, डेल-ईएमसीच्या युनिटीवर युनिटी ओई. सपोर्टवाला 'कोड' म्हणतो तो हाच.

पण तेवढ्यावर भागत नाही. ईएमसीच्या व्हीएनएक्सचंच बघा. २०११ मध्ये आलेली ही पेटी अजूनही बऱ्याच ठिकाणी चालते. ब्लॉक (सर्व्हरला कोरी डिस्क देणं) आणि फाइल (नेटवर्कवर फोल्डर देणं) अशा दोन्ही कामांसाठी घेतली असेल तर तिच्यात दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम असतात. ब्लॉकची बाजू जुन्या क्लॅरिऑन पेटीच्या फ्लेअर सिस्टिमवरून आली, फाइलची बाजू सेलेरा पेटीच्या डार्ट सिस्टिमवरून. नंबरही दोन: व्हीएनएक्स-२ ला ब्लॉकचा ०५.३३ ने सुरू होतो आणि फाइलचा ८.१ ने. फोनवर एकच सांगितला तर समोरचा माणूस अर्ध्या पेटीचाच विचार करतो. दोन्ही सांगायचे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या खाली आणखी थर असतात: कंट्रोलरचा बायोस, दुरून चालू-बंद करायला लागणारा बीएमसी, डिस्क शेल्फच्या (डिस्क बसवायच्या कप्प्याच्या) मॉड्यूलचं फर्मवेअर आणि प्रत्येक डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर. या शेवटच्या थराकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं.

ते का चालत नाही, याचं एक उदाहरण सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने सूचना काढली की त्यांच्या काही सॅस एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. फर्मवेअर एचपीडी८ च्या आधीचं असेल तर. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. हा आकडा २ चा १५ वा घात आहे, म्हणजे सोळा बिटांचा चिन्हासह मोजणारा काउंटर जिथे संपतो ती जागा. बंद पडलेली डिस्कही परत येत नाही आणि तिच्यावरचा डेटाही नाही. खरी भीती पुढे आहे. पेटी बसवली तेव्हा सगळ्या डिस्क एकाच दिवशी चालू झाल्या, म्हणजे त्या एकाच वेळी तो आकडा गाठणार. रेड, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवण्याची सोय, एक डिस्क गेली तर सांभाळतं, सहसा फार तर दोन. सगळ्या एका तासात गेल्या तर त्याचा काही उपयोग नाही. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही एसएसडींसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. ज्यांनी डिस्क फर्मवेअर वेळेत बदललं, त्यांच्या डिस्क आकडा ओलांडून चालत राहिल्या.

पायरी २: आकडा सुटा करून वाचा

व्हर्जनचा नंबर जिल्हा-तालुका-गाव असा डावीकडून उजवीकडे वाचायचा. डावीकडचा आकडा बदलला तर मोठी उडी, उजवीकडचा बदलला तर छोटी दुरुस्ती. बाकी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी.

आयबीएमचा नंबर सगळ्यांत सरळ. ८.५.०.६ घ्या. ८ ही आवृत्ती, ५ हे रिलीज, ० ही सुधारणा आणि ६ म्हणजे दुरुस्त्यांचा सहावा संच. पहिले तीन तेच राहून चौथा वाढला तर नवी सोय सहसा येत नाही, चुका दुरुस्त होतात.

नेटअ‍ॅपवर ९.११.१पी८ असं दिसतं. ९.११.१ हे रिलीज आणि पी८ हा त्यावरचा आठवा पॅच. पॅचमध्ये आधीचे पॅच येतातच, त्यामुळे पी१ ते पी७ एकेक चढवायची गरज नाही. नंबरानंतर आरसी (रिलीज कँडिडेट) असेल तर ते पक्कं होण्याआधीचं रिलीज आहे. चालत्या बँकेच्या किंवा हॉस्पिटलच्या पेटीवर ते नकोच. आणखी एक ध्यानात ठेवा: हे दशांश आकडे नाहीत. ९.१०.१ हे ९.९.१ च्या नंतरचं, आणि ९.२ च्या तर कितीतरी नंतरचं. ठिपक्यांमधला प्रत्येक आकडा स्वतंत्र मोजायचा.

थ्री-पारवर ३.३.१ एमयू५ असं असतं. एमयू म्हणजे मेंटेनन्स अपडेट, आणि त्यापुढे पी लावून सुटे पॅच. इथे एमयू सांगितलं आणि पॅच सांगितले नाहीत, तर माहिती अर्धीच राहते.

व्हीएनएक्सचा ब्लॉक नंबर लांबलचक असतो, ०५.३३.००९.५.२१८ सारखा. सुरुवातीच्या ०५.३३ वरून पिढी कळते (०५.३१ आणि ०५.३२ हे पहिल्या व्हीएनएक्सचे, ०५.३३ व्हीएनएक्स-२ चा) आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून पॅच. सपोर्टला हे दोन्ही टोकांचे आकडे आधी लागतात, पण सांगताना पूर्ण ओळ सांगा.

ईएमसीच्या व्हीमॅक्स घराण्यात चार आकड्यांची रीत होती: एन्जिन्युइटी ५८७६, मग हायपरमॅक्स ओएस ५९७७, मग पॉवरमॅक्स ओएस ५९७८. इथे नाव बदलत गेलं तरी नंबरांची रांग तीच राहिली. म्हणून जुन्या कागदावर एन्जिन्युइटी आणि नव्या कागदावर हायपरमॅक्स दिसलं तर गोंधळून जाऊ नका, आकडा बघा.

पायरी ३: नोंदवही करा

एक वही आणि एक शीट, दोन्ही हवं. वही रॅकच्या दारावर लटकलेली असावी, कारण लाइट गेली आणि नेटवर्क बसलं की शीट उघडत नाही.

वहीत मॉडेल, सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग, दोन्ही कंट्रोलरचं व्हर्जन वेगवेगळं, शेल्फ मॉड्यूलचं फर्मवेअर, डिस्कचे पार्ट नंबर आणि त्यांचं फर्मवेअर, एफसी स्विचचं (पेटी आणि सर्व्हर यांना जोडणाऱ्या फायबर चॅनल स्विचचं) व्हर्जन, आणि या पेटीला जोडलेला प्रत्येक सर्व्हर त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिम, एचबीए (पेटीला जोडणारं सर्व्हरमधलं कार्ड) ड्रायव्हर आणि मल्टिपाथ (एकाहून जास्त वाटांनी पेटीशी बोलण्याची सोय) यांसकट लिहायचा. सपोर्ट कराराची शेवटची तारीख लाल पेनने.

दोन्ही कंट्रोलरचं व्हर्जन वेगळं लिहायला सांगतोय त्याला कारण आहे. कधीतरी कंट्रोलर बदललेला असतो किंवा मागचं अपग्रेड अर्धवट राहिलेलं असतं, आणि एका बाजूला वेगळा आकडा निघतो. तसं दिसलं तर बाकी सगळं थांबवून आधी सपोर्टला विचारा.

शीट एक्सेलमध्ये करत असाल तर व्हर्जनचा रकाना आधी टेक्स्ट करून घ्या. नाहीतर तुम्ही ९.१० लिहिता, एक्सेल शेवटचं शून्य खाऊन ९.१ करतो, आणि पुढचा माणूस समजतो की पेटी फार जुन्या व्हर्जनवर आहे.

पेज उघडण्याचीही तयारी लागते. बऱ्याच जुन्या पेट्यांचं मॅनेजमेंट पेज जावा किंवा फ्लॅशवर चालतं. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट संपवला, त्यानंतर नव्या ब्राउझरमध्ये ती पेजेस उघडत नाहीत. अशी पेटी असेल तर जुना ब्राउझर असलेला एक लॅपटॉप फक्त त्याच कामासाठी राखून ठेवा. तो इंटरनेटला जोडायचा नाही.

पायरी ४: कुठल्या व्हर्जनवर जायचं ते ठरवा

सगळ्यांत नवं ते सगळ्यांत चांगलं, असं स्टोरेजमध्ये नसतं. कंपनी आपल्या मॉडेलसाठी शिफारस केलेलं व्हर्जन जाहीर करते. ते शोधा आणि तिथेच जा. बऱ्याच कंपन्या काही रिलीज दीर्घकाळ सांभाळण्यासाठी राखतात. आयबीएम त्यांना एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) म्हणते, प्युअर लाँग-लाइफ रिलीज म्हणते. आपल्याकडे वर्षातून एकदाच अपग्रेडला हात लागतो आणि इंजिनिअर लांब असतो, त्यामुळे अशाच रिलीजवर राहावं असं मी सुचवेन. नवी सोय खरंच लागणार असेल तरच दुसऱ्या वाटेने जा.

मग रिलीज नोट्स वाचा. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर तीन गोष्टी शोधा: आपल्या मॉडेलला हे व्हर्जन चालतं का, आपल्या आताच्या व्हर्जनवरून थेट उडी मारता येते का, की मध्ये एखादा टप्पा घ्यावा लागतो, आणि माहीत असलेल्या त्रुटींच्या यादीत आपल्या वापराशी जुळणारं काही आहे का. मधला टप्पा लागत असेल तर दोन्ही टप्पे एका रात्रीत बसवू नका. पहिला झाला की आठवडाभर पेटी बघा, मग दुसरा.

त्यानंतर जुळणी. कंपनीच्या इंटरऑपरेबिलिटी यादीत आपलं नवं कोड, स्विचचं व्हर्जन, सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम आणि एचबीए ड्रायव्हर एकत्र चालतात का ते बघायचं. बहुधा अडतं ते सर्व्हरच्या बाजूला: कोपऱ्यात एखादा जुना विंडोज सर्व्हर असतो ज्याला हात लावायची कुणाची तयारी नसते. दुसऱ्या ठिकाणी रेप्लिकेशन (डेटाची सतत जाणारी प्रत) जात असेल तर तिकडच्या पेटीचं व्हर्जनही जुळलं पाहिजे, आणि कोणती पेटी आधी चढवायची तेही नोट्समध्ये दिलेलं असतं.

आणखी एक, मन घट्ट करून वाचायचं: परत फिरता येतं का? जुन्या क्लॅरिऑन-व्हीएनएक्सवर नवं कोड 'कमिट' करेपर्यंत मागे जाता येतं, कमिट झालं की नाही. ओन्टॅपवर मागे जाता येतं, पण पुढे जाण्याइतकं ते सोपं नाही. काही पेट्यांवर मागे जाण्याची सोयच नाही.

पायरी ५: तारीख, वीज आणि ऊन

बँक असेल तर मार्चअखेर आणि खरीप कर्जवाटपाचा काळ सोडा. हॉस्पिटलात बंदचा दिवस नसतो, तिथे ओपीडी संपल्यानंतरची रात्र धरा. पोळ्याला किंवा दिवाळीला ऑफिस बंद असतं म्हणून तो दिवस धरायचा मोह होतो. धरू नका. त्या दिवशी सपोर्टला अनुभवी माणूस मिळत नाही, सुटा भाग पाठवायला कुरिअर मिळत नाही, आणि तुमचा इलेक्ट्रिशियनही गावाला गेलेला असतो.

विजेची खात्री आदल्या दिवशी करा. त्या रात्री फीडरवर देखभालीचा शटडाउन आहे का, ते महावितरणच्या ऑफिसात किंवा लाइनमनला विचारून घ्या. यूपीएसवर पूर्ण लोड टाकून बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून मोजा. पॅनेलवर दिसणाऱ्या मिनिटांवर जाऊ नका. जनरेटरची टाकी भरा आणि तो एकदा लोडवर चालवून बघा. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर कंट्रोलर अर्धवट अवस्थेत अडकू शकतो, आणि मग नवा कंट्रोलर येईपर्यंत पेटी एका पायावर.

उन्हाळ्यात शक्यतो हे काम नकोच. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि एसी दिवसरात्र धापा टाकत असतो. सर्व्हर रूममध्ये हवेचं तापमान १८ ते २७ अंशांत असावं ही सर्वमान्य शिफारस आहे. सरकीचा आणि कापसाचा तंतू हवेत असणाऱ्या गावांत, जिनिंगच्या हंगामात, अ‍ॅरेच्या पुढच्या जाळीवर आणि एसीच्या फिल्टरवर थर साचतो. अपग्रेडच्या आधी तो साफ करा. एकच कंट्रोलर सगळं काम ओढत असताना तापमानाचा अलार्म वाजायला नको.

डाउनलोडही आधीच. इमेज काही जीबीची असते, आणि तालुक्याचं नेट मध्येच तुटतं. फाइल उतरली की कंपनीने दिलेल्या चेकसमशी (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणाऱ्या ओळीशी) ताडून बघा; विंडोजमध्ये सर्टयुटिल आधीपासूनच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल टाकून पुन्हा उतरवा.

पायरी ६: आदल्या दिवसाची तपासणी

कंपनीचं आरोग्य तपासणीचं साधन चालवा. आयबीएमकडे त्यासाठी अपग्रेड टेस्ट युटिलिटी आहे, ओन्टॅपमध्ये अपग्रेडच्या आधी व्हॅलिडेशन चालतं. इशारे आले तर एकेक सोडवा. खराब डिस्क, कमजोर कॅश बॅटरी, अर्धवट रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा दुसऱ्या डिस्कवर पुन्हा उभारणं), यापैकी काहीही असेल तर तारीख पुढे ढकला.

मग लोड. अपग्रेडच्या वेळी एक कंट्रोलर बंद असतो आणि दुसऱ्यावर दोघांचं ओझं येतं. म्हणून परफॉर्मन्सच्या आलेखात गेल्या आठवड्यातल्या त्याच वेळेचा सीपीयू बघा. दोन्ही बाजू ५० टक्क्यांच्या खाली पाहिजेत, थोडी जागा राखून. शिवाय जोडीदार नसताना बहुतेक अ‍ॅरे राइट कॅश बंद करतात आणि लिखाण थेट डिस्कवर जातं, त्यामुळे डेटाबेस मंदावतो. बँकेची दिवसअखेर आणि रात्रीचा बॅकअप त्याच वेळी लागलेला नको.

सगळ्यांत जास्त वेळ पाथवर द्या. विना-खंड अपग्रेड म्हणजे सर्व्हरला दुसऱ्या वाटेने डेटा मिळत राहणं, आणि ती दुसरी वाट खरंच आहे का हे फक्त सर्व्हरवरूनच कळतं. प्रत्येक सर्व्हरवर जा. विंडोजमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधला एमपीआयओचा टॅब, लिनक्समध्ये मल्टिपाथची यादी, व्हीएमवेअरमध्ये स्टोरेज अ‍ॅडॉप्टरखालचे पाथ. समजा एका लनला (पेटीने सर्व्हरला दिलेल्या डिस्कच्या जागेला) चार पाथ दिसायला हवेत: दोन ए कंट्रोलरकडे, दोन बी कडे. चार मोजून समाधान मानू नका, ते कुठे जातात ते बघा. चारही ए कडेच जात असतील तर ए रिबूट झाला की तो सर्व्हर गेला. आणि दोनच दिसत असतील तर बाकीचे का मेले ते शोधा: केबल उंदराने कुरतडलेली असते, एसएफपी (केबल खोचायचं मॉड्यूल) गेलेला असतो, किंवा झोनिंग (कुणी कुणाशी बोलायचं ते स्विचवर ठरवणं) करताना दुसरा पोर्ट राहून गेलेला असतो. डिस्क टाइमआउट किमान ६० सेकंद आहे का तेही बघून घ्या, कारण पाथ बदलायला काही सेकंद जातात.

बॅकअप घ्या आणि त्यातली एखादी फाइल परत काढून बघा. अ‍ॅरेचं कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करून पेटीबाहेर ठेवा. सपोर्टकडे आधीच केस उघडून नंबर वहीत लिहा. रात्री दोन वाजता सिरियल नंबर सांगत बसण्यापेक्षा केस नंबर सांगणं सोपं जातं.

पायरी ७: अपग्रेडची रात्र

कॉल-होम (पेटीने स्वतःहून कंपनीला कळवण्याची सोय) मेंटेनन्समध्ये टाका, नाहीतर रिबूटचे अलर्ट जाऊन उगाच तिकिटं उघडतात. रेप्लिकेशन आणि स्नॅपशॉटची (डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतींची) वेळापत्रकं थांबवा. मग इमेज चढवा आणि अपग्रेड सुरू करा.

पहिला कंट्रोलर खाली जातो. सर्व्हरवर निम्मे पाथ डेड दिसतात, ते अपेक्षितच आहे. कंट्रोलर नव्या कोडवर वर येतो, पाथ परत येतात. इथे घाई नको. आयबीएमच्या पेट्या निम्मे नोड झाल्यावर साधारण ३० मिनिटं स्वतःहून थांबतात, सर्व्हरच्या मल्टिपाथला सावरायला वेळ मिळावा म्हणून. या काळात पडद्यावर काही हलत नाही, आणि नवख्या माणसाला वाटतं पेटी लटकली. ती लटकलेली नसते. रिबूट करू नका, केबल काढू नका. त्या वेळात प्रत्येक सर्व्हरवर जाऊन चारही पाथ परत आले का ते मोजा. एखाद्या सर्व्हरचे आले नसतील तर दुसरा कंट्रोलर खाली जायच्या आत अपग्रेड थांबवा आणि सपोर्टला बोलवा. ही संधी पुन्हा मिळत नाही.

दुसरा कंट्रोलरही तसाच होतो. सगळं मिळून दोन तास धरा, मनातून तीन.

पायरी ८: नंतर

दोन्ही कंट्रोलरवर तोच आकडा दिसतो का ते बघा. लन आपापल्या मूळ कंट्रोलरवर परत गेले का ते तपासा. काही पेट्यांवर ते स्वतः जात नाहीत, हाताने पाठवावे लागतात, नाहीतर सकाळी एक बाजू दमलेली आणि दुसरी रिकामी. कॉल-होम, रेप्लिकेशन, स्नॅपशॉट पुन्हा चालू करा. हे विसरलं जातं आणि पुढच्या बिघाडालाच कळतं.

डिस्क आणि शेल्फचं फर्मवेअर त्याच रात्री चढवू नका. दोन-चार दिवस पेटी शांत चालली की मग. 'कमिट' असेल तर तेही तेव्हाच. वहीत तारीख, जुना आकडा, नवा आकडा, कुणी केलं, काय अडलं ते लिहून काढा.

सपोर्ट करार नसेल तर

नागपूरच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याकडून वापरलेली पेटी स्वस्तात घेतली जाते, आणि कोड उतरवायचा हक्कच नसतो. अशा वेळी कुठल्यातरी साइटवर मिळालेली इमेज चढवू नका. ती बदललेली आहे की नाही हे तपासायचा मार्ग नसतो, आणि परवान्याचंही उल्लंघन होतं. दोन रस्ते उरतात. एक, कंपनीकडून किंवा अधिकृत भागीदाराकडून वर्षभराचा करार घेणं. जुन्या मॉडेलचा सपोर्ट संपला नसेल तर हे जमतं, आणि त्या वर्षात शिफारस केलेल्या व्हर्जनपर्यंत पोहोचून घ्या. दुसरा, आहे त्याच व्हर्जनवर थांबणं. तसं ठरलं तर मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) टाका, तिथून इंटरनेट पूर्ण बंद करा, डीफॉल्ट पासवर्ड बदला, त्याच मॉडेलच्या दोन डिस्क आणि एक पॉवर सप्लाय कपाटात ठेवा. ज्या डेटाशिवाय संस्थेचं काम थांबतं तो या पेटीवर एकटा ठेवू नका; त्याची प्रत रोज दुसरीकडे गेली पाहिजे.